शिकागोचे क्ष-किरण : एका वादाची हकीकत

प्रकाश हा कणाकणांनीं येतो आणि प्रत्येक कणाची शक्ति त्या प्रकाशाच्या रंगावर अवलंबून असते, हें तत्त्व आतां शाळेच्या पुस्तकांतूनहि आढळतें. तांबड्या प्रकाशाचा कण दुबळा, जांभळ्याचा त्याहून कांहींसा सबळ, आणि क्ष-किरणांचा कण तर दृश्य प्रकाशाच्या कणाहून शेंकडों, कधीं हजारों पटींनीं बलवान्. पदार्थविज्ञानांत ही शक्ति इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापानें मोजतात. तांबड्याच्या किंचित् पलीकडील अवरक्त प्रकाशाचा एक कण सुमारें दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टाचा असतो. अतिनील प्रकाशाचा पांचाच्या आसपास. आणि झेनॉन वायूच्या अणूंतून निघणारे कांहीं विशिष्ट क्ष-किरण चार ते पांच हजारांचे. दमड्यांच्या राशींतून मोहोर आपोआप तयार होत नाहीं. तेव्हां साध्या प्रकाशाचा झोत विरळ वायूवर सोडला असतां त्यांतून क्ष-किरण निघतात, असें कोणी सांगितल्यास ऐकणाऱ्यास तें प्रथम थट्टेचें वाटावें यांत नवल नाहीं.

असें असतां १९९४ सालीं शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठांत चार्ल्स ऱ्होड्स, मॅक्फर्सन, बॉयर व त्यांचे सहकारी यांनीं नेमकें हेंच घडवून आणलें. क्रिप्टॉन व झेनॉन या वायूंच्या बारीक झोतावर त्यांनीं अतिनील प्रकाशाचा क्षणाच्या क्षुद्र अंशापुरता टिकणारा स्पंद सोडला, आणि त्या वायूंतून क्ष-किरण बाहेर पडले. त्या वर्षीं ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ व ‘नेचर’ या दोन प्रतिष्ठित नियतकालिकांत ही वार्ता प्रसिद्ध झाली. क्ष-किरण निघाले याविषयीं पुढें फारसा कोणी संशय घेतला नाहीं. ते कां निघाले याविषयीं मात्र जो वाद माजला तो दहाबारा वर्षें चालला, आणि त्याची कांहीं धग अजूनहि उरलेली आहे. नवी गोष्ट जो प्रथम पाहतो त्यालाच ती कळलेली असते, असा आपणां सर्वांचा एक भाबडा समज असतो. प्रस्तुत प्रकरणांत पाहणारे एक आणि समजणारे दुसरे निघाले, व दुसऱ्यांनाहि जें समजलें तें अर्धेंच होतें असें पुढें तिसऱ्यांनीं दाखविलें. ही हकीकत मराठी वाचकांपुढें सविस्तर मांडावी असें आम्हांस वाटतें, याचें हें एक कारण. दुसरें कारण मुंबईशीं संबद्ध आहे. तें योग्य वेळीं येईल.

प्रथम क्ष-किरणांविषयीं दोन शब्द. जर्मनींतील व्यूर्झबर्ग येथें १८९५ च्या नोव्हेंबरच्या ८ तारखेस राँटगेन यांना ते आढळले, ही कथा सर्वश्रुत आहे. वेगानें धांवणारा इलेक्ट्रॉन जड पदार्थावर आदळला कीं दोन प्रकारांनीं क्ष-किरण उत्पन्न होतात. अणुकेंद्राच्या ओढीनें इलेक्ट्रॉनाचा वेग एकाएकीं खुंटला म्हणजे त्याची गेलेली शक्ति किरणरूपानें बाहेर येते. हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारांत तो इलेक्ट्रॉन अणूच्या अगदीं आंतल्या कक्षेंतील एखाद्या इलेक्ट्रॉनाला हुसकून लावतो, आणि ती रिकामी जागा भरण्यासाठीं बाहेरच्या कक्षेंतील इलेक्ट्रॉन आंत उडी घेतो. त्या उडीचा जो किरण निघतो तो त्या मूलद्रव्याची जणूं सहीच असते. इंग्रज शास्त्रज्ञ बार्क्ला यांनीं या सह्या वाचून त्यांना के, एल् अशीं अक्षरें दिलीं, तीं आजतागायत रूढ आहेत. सर्वांत आंतली कक्षा के, तिच्या बाहेरची एल्, तिच्याहि बाहेरची एम्. आंतली कक्षा जितकी खोल, तितका तिच्यांतून इलेक्ट्रॉन काढणें कठीण. आर्गॉनच्या के कक्षेंतील इलेक्ट्रॉन काढावयाचा तर ३२०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याची गरज लागणार आहे.

आतां वायूच्या झोताकडे वळूं. शिकागोच्या प्रयोगांतील मेख तेथेंच होती. सायकलच्या फुगलेल्या ट्यूबचें तोंड मोकळें केलें तर बाहेर येणारी हवा बोटांना गार लागते, हा अनुभव सर्वांनाच आहे. दाबांतून सुटून पसरणारा वायु थंड होतो. वायु फार मोठ्या दाबाखालीं ठेवून अत्यंत बारीक तोटींतून निर्वात पात्रांत सोडला तर तो इतका थंड होतो कीं त्याचे अणू एकमेकांस बिलगूं लागतात. दंवाचा थेंब धरावा तसे पुंजके धरूं लागतात. कोठें शेंकडों अणूंचे, कोठें लाखांचे. अशा पुंजक्याचा व्यास सेंटिमीटराच्या कोटीव्या भागाच्या दहाबीस किंवा शंभर पट, म्हणजे कोणत्याहि चांगल्या भिंगाखालीं न दिसणारा. बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जर्मनींत १९५६ सालीं असे झोत तयार केले होते. (हेच बेकर पुढें युरेनियमचे प्रकार तोटींतून वेगळे करण्याच्या पद्धतीसाठीं प्रसिद्ध झाले, एकाच तोटीनें माणसाचें नांव दोन ठिकाणीं कोरलें जावें हा योग विरळा.) १९७२ सालीं हागेना व ओबर्ट यांनीं कोणता वायु, किती दाब, किती उष्णता व तोटीचें तोंड केवढें, यांवरून पुंजके केवढे होतील याचा हिशेब बसविला. आज जगांतील कोणतीहि प्रयोगशाळा या कामास हात घालते तेव्हां प्रथम हागेना यांचें सूत्र काढून बसते.

या पुंजक्यांची एक विचित्र जात आहे. झोत म्हणून पाहिलें तर तो वायु. अणू विरळ, पलीकडचें स्वच्छ दिसणारें. पण एकेका पुंजक्याच्या पोटांत शिरून पाहिलें तर तेथें अणू घन पदार्थाइतके दाटीनें बसलेले. वायूच्या वेषांत वावरणारा हा घन पदार्थ आहे, आणि सगळ्या गोंधळाचें मूळ त्याच्या या दुहेरी स्वभावांत आहे.

प्रकाशाची बाजू मात्र थोडक्यांत आटपतां येईल. १९६० सालीं मेमन यांनीं पहिला लेसर पेटविला, तेव्हांपासून प्रकाशाचे स्पंद दिवसेंदिवस आंखूड व तेजस्वी होत गेले. पण एका मर्यादेपलीकडे तेज वाढवूं लागलें कीं प्रकाश वाढविणारा स्फटिकच तडकून जाई. १९८५ सालीं अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें डोना स्ट्रिकलंड व जेरार मूरू यांनीं युक्ति काढली कीं स्पंद आधीं ताणून लांब करावा, लांब व सौम्य झालेल्या स्थितींत वाढवावा, आणि सर्वांत शेवटीं पुन्हां आंखडून घ्यावा. ताणण्यासाठीं त्यांनीं १.४ किलोमीटर लांबीचा कांचेचा तंतु वापरला होता. या युक्तीस २०१८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हिच्यामुळें एका मोठ्या मेजावर मावणारीं यंत्रें फेम्टोसेकंदांचे स्पंद देऊं लागलीं. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा, एकावर पंधरा शून्यें इतक्या संख्येनें भागलेला, अंश. शंभर फेम्टोसेकंदांत प्रकाशसुद्धां केसाच्या जाडीइतकेंहि अंतर तोडीत नाहीं. असा स्पंद भिंगानें एकवटला म्हणजे तेथें एका चौरस सेंटिमीटरावर एकावर पंधरा ते अठरा शून्यें इतके वॉट पडतात. भर उन्हांत पृथ्वीवरील एका चौरस सेंटिमीटरास एक दशांश वॉट मिळतो, हें लक्षांत आणल्यास त्या तेजाची कांहीं कल्पना येईल. शिकागोच्या मंडळींचा लेसर मात्र निराळ्या घराण्यांतला होता. त्यांत क्रिप्टॉन व फ्ल्युओरिन यांचें मिश्रण प्रकाश वाढवी, आणि त्याचा प्रकाश अतिनील होता. रंगांतील हा फरक पुढें वादाचा विषय झाला.

ऱ्होड्स यांच्या मनांत एक कल्पना १९९४ च्या पुष्कळ आधींपासून घर करून होती. १९८३ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेंत सुट्या अणूंवर अतिनील स्पंद सोडले असतां एकेका अणूंतून अपेक्षेबाहेर इतके इलेक्ट्रॉन निघाले कीं जुन्या हिशेबानें त्याचा उलगडा होईना. १९८५ सालीं बॉयर व ऱ्होड्स यांनीं सुचविलें कीं, अणूच्या बाहेरच्या कक्षेंतील सगळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर एका तालांत झुलत असावेत. एकटा इलेक्ट्रॉन हलका. पण दहापंधरा इलेक्ट्रॉन एका तालांत चालले तर एकाच जड, बलाढ्य कणासारखे ते आंतल्या कक्षेवर आघात करतील आणि तेथील इलेक्ट्रॉनाला बाहेर फेकतील. कल्पना मोठी रम्य होती, आणि ती खरी ठरती तर तिचें फळहि मोठें होतें. बाहेरच्या कक्षा शाबूत आणि आंतली रिकामी, असे ‘पोकळ’ अणू पुष्कळ संख्येनें एकदम तयार झाले तर त्यांतून क्ष-किरणांचा लेसर निघण्याचा संभव होता. आणि त्या काळीं मेजावरचा क्ष-किरण लेसर म्हणजे या क्षेत्रांतील परीसच.

त्याच वर्षीं लॅम्ब्रोपोलस या शास्त्रज्ञानें या कल्पनेवर एक साधा पण मर्मभेदक आक्षेप घेतला. स्पंद कितीहि आंखूड असला तरी तो शिखरास एकदम पोंचत नाहीं. चढत चढत जातो. चढावावरच अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन एकेक करून सुटून निघून जातात. रथ ओढण्यासाठीं शंभर माणसें जमवावीं आणि दोर ताणण्याचा मुहूर्त येण्याआधींच एकेकानें घरची वाट धरावी, तसा हा प्रकार. स्पंद शिखरावर येतो तेव्हां एका तालांत झुलावयास उरतो कोण? सुट्या अणूंपुरता हा आक्षेप सर्वसाधारणपणें मान्य झाला, आणि आम्हांसहि तो बिनतोड वाटतो.

पुंजक्यांनीं ऱ्होड्स यांच्या कल्पनेस नवें आयुष्य दिलें. पुंजक्यांतील अणूंतून सुटलेले इलेक्ट्रॉन निघून जाऊं शकत नाहींत. मागें राहिलेल्या हजारों धनभारित आयनांची ओढ त्यांना पुंजक्याच्या आवारांतच डांबून ठेवते. रथाचा दोर सोडून निघालेलीं माणसें वेशीजवळच अडलीं, असें म्हणावें. तेव्हां ते सारे एका तालांत झुलतील व जड गोळ्यासारखे आंतल्या कक्षांवर आदळतील, हें आतां अशक्य राहिलें नाहीं असें शिकागोचें म्हणणें पडलें. १९९४ च्या वर्णपटांत क्रिप्टॉनच्या एम् व एल् कक्षांच्या आणि झेनॉनच्या एल् कक्षेच्या सह्या होत्या. झेनॉनच्या रेषांचा अर्थ त्यांनीं पोकळ अणू असाच लावला. एका झेनॉन अणूची एल् कक्षा फोडण्यास अतिनील प्रकाशाचे कमींत कमी हजार कण खर्ची पडले पाहिजेत, हें मनांत आणलें म्हणजे त्या मंडळींचा उत्साह समजूं शकतो.

दुसऱ्याच वर्षीं, १९९५ सालीं, कॅलिफोर्नियांतून उत्तर आलें. लिव्हरमोर व बर्कली येथील डिटमायर, डोनेली, फाल्कोन व पेरी यांनीं पुंजक्यांवर आपले स्पंद सोडून, त्यांतून निघणारे किरण किती काळ टिकतात व कोणत्या आयनांचे आहेत हें पाहिलें, आणि १९९६ सालीं त्याचें गणित सविस्तर मांडलें. त्यांच्या मतें येथें तालाचें कांहीं गूढ नव्हतें. पुंजका ही एक अतिसूक्ष्म भट्टी होती. प्रकाशाची लाट इलेक्ट्रॉनांना मागें-पुढें हलविते. पुंजक्याच्या पोटांतील दाटींत ते क्षणोक्षणीं आयनांवर आदळतात. प्रत्येक आदळण्यानें त्यांच्या झुलण्यांतील शक्तीचें उष्णतेंत रूपांतर होतें. सुट्या अणूच्या इलेक्ट्रॉनाला आदळावयास शेजारीच नसतो, म्हणून विरळ वायु तापत नाहीं. घन पदार्थाच्या पत्र्यावर तोच स्पंद पाडला तर शेजारी पुष्कळ असतात, पण मिळालेली उष्णता मागच्या थंड पदार्थांत वाहून जाते. पुंजक्याला शेजार आहे आणि उष्णतेला पळून जाण्यास मात्र वाट नाहीं, कारण सभोंवार निर्वात. म्हणून तो अशा तापमानास चढतो कीं त्यांतील इलेक्ट्रॉन शेंकडों-हजारों इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे होतात, आणि असे इलेक्ट्रॉन आंतल्या कक्षा फोडतात. थोडक्यांत म्हणजे ही राँटगेन यांचीच नळी होती. फरक इतकाच कीं भाता, भट्टी आणि ऐरण हीं तिन्ही एका कणांत येऊन बसलीं होतीं.

या मांडणींत सर्वांत सुंदर भाग अनुनादाचा आहे. गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञानें १९०८ सालीं द्रवांत तरंगणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म कणांचा रंग कां बदलतो याचें गणित केलें होतें. सोनें घातलेल्या कांचेची माणकासारखी लाली त्याच गणितानें समजते. तेंच गणित येथें लागूं पडतें. तापलेला पुंजका फुगूं लागतो, त्यांतील इलेक्ट्रॉनांची दाटी कमी होत जाते, आणि फुगतां फुगतां एक क्षण असा येतो कीं त्याचें स्वतःचें कंपन व प्रकाशाचें कंपन जुळतें. त्या क्षणीं पुंजका प्रकाश अधाशासारखा पितो. यावरून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो : स्पंद अतिशयच आंखूड केला तर पुंजका फुगून त्या क्षणास पोंचण्यापूर्वीं प्रकाश निघून जाईल, आणि तेज जास्त असूनहि क्ष-किरण कमी मिळतील. १९९९ सालीं लिव्हरमोर येथें व २००० सालीं मेरीलंड विद्यापीठांत मिल्चबर्ग यांच्या मंडळींनीं स्पंदाची लांबी बदलून पाहिली, तेव्हां खरोखरच एका विशिष्ट लांबीस फळ अधिक मिळतें असें दिसलें. कल्पनेची परीक्षा अशीच व्हावी. जें अगोदर कोणास सुचलें नसतें तें ती सांगते आणि प्रयोगांत तें उतरतें.

मधल्या काळांत लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत डिटमायर व त्यांच्या नव्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं झेनॉनचा पुंजका फुटून उडणारे आयन मोजले. कांहींची शक्ति दहा लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांपर्यंत आणि कांहींनीं चाळीसपर्यंत इलेक्ट्रॉन गमावलेले. १९९९ सालीं लिव्हरमोर येथें ड्यूटेरियमचे पुंजके फोडून, फुटलेल्या तुकड्यांच्या टकरींतून अणुकेंद्रांचें मीलन घडविण्यांत आलें; दर स्पंदास सुमारें दहा हजार न्यूट्रॉन निघाले. हीं यशें इतकीं डोळे दिपविणारीं होतीं कीं क्ष-किरणांचा मूळ प्रश्न सुटलाच असें पुष्कळांस वाटूं लागलें.

तो सुटला नव्हता, हें फ्रेंचांनीं दाखविलें. त्यांचें काम गाजावाजाचें नव्हतें, हिशेबाचें होतें. दुसरे लोक क्ष-किरण ‘प्रखर’ आहेत म्हणत, तर १९९७ पासून सॅक्ले व पॅरिस येथील मंडळी, त्यांत रोझे, व्हर्ने, डोबोश हीं नांवें येतात, दर स्पंदास एकंदर नेमके किती क्ष-किरण निघाले हें मोजूं लागली. आमच्या मतें या सगळ्या इतिहासांत या मोजमापाचें मोल सर्वांत अधिक आहे, जरी त्यावर वर्तमानपत्रांतून कोणी एक ओळ लिहिली नसावी. त्यांना आढळलें कीं प्रकाशाची तीव्रता वाढविली असतां क्ष-किरण ज्या प्रमाणांत वाढतात तें प्रमाण फक्त प्रकाशाच्या आवाक्यांत येणाऱ्या जागेच्या वाढीचें आहे. म्हणजे एकदां एक ठराविक उंबरठा ओलांडला कीं एकेक पुंजका अधिक जोमानें पेटत नाहीं. पेटणाऱ्या पुंजक्यांची संख्या वाढते, एवढेंच. आणि हा उंबरठा फारच खालीं होता : चौरस सेंटिमीटरास एकावर चौदा शून्यें इतक्या वॉटांच्या घरांत.

येथें वाचकांनीं तो ३२०० चा आंकडा आठवावा. एवढ्या सौम्य प्रकाशांत मोकळा इलेक्ट्रॉन झुलतो त्या झुलण्याची शक्ति फक्त दहाबारा इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. आणि तरीहि आर्गॉनची के कक्षा फुटत होती. स्पंद आंखूड असल्यामुळें फुगून अनुनादास पोंचण्यासहि सवड नव्हती. कॅलिफोर्नियाची भट्टी सरासरीचा हिशेब करीत होती. सगळे इलेक्ट्रॉन सारखेच तापलेले धरीत होती. त्या हिशेबानें एवढ्या थोड्या विस्तवावर एवढें पाणी उकळावयास नको होतें. शिकागोचा ताल इलेक्ट्रॉनांच्या समुदायाचा, कॅलिफोर्नियाची उष्णता सरासरीची, आणि या प्रश्नाचें उत्तर दोन्हींत नव्हतें.

तें २००६ सालीं व्हिएन्नाहून आलें. डाइस, बुर्गडॉर्फर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पॅरिसच्या मोजमापकारांस बरोबर घेऊन, लाखांहून अधिक अणूंच्या पुंजक्यांतील इलेक्ट्रॉनांचा प्रवास गणकयंत्रावर चालवून पाहिला. त्यांत दिसलें तें असें. बहुतेक इलेक्ट्रॉन झुलतात, अडखळतात, थोडे तापतात. पण एखादा इलेक्ट्रॉन आयनाच्या अगदीं जवळून जातो आणि चेंडू भिंतीवरून परतावा तसा उलट फिरतो. आणि नेमक्या त्याच सुमारास प्रकाशाच्या लाटेनेंहि दिशा बदललेली असते. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला योग्य क्षणीं धक्का दिला कीं झोका चढतो, तसा त्याचा झोका चढतो. पुन्हां कोठें असाच परतला तर आणखी चढतो. असे भाग्यवान् इलेक्ट्रॉन संख्येनें थोडे. पण कक्षा फोडावयास थोडेच पुरतात. या हिशेबानें निघणाऱ्या क्ष-किरणांची संख्या पॅरिसच्या मोजलेल्या संख्येशीं चांगलीच जुळली. नुसता चढउतार जुळणें निराळें आणि प्रत्यक्ष संख्या जुळणें निराळें. कोणीतरी आधीं बसून नीट मोजून ठेवलें होतें म्हणूनच ही दुसरी कसोटी लावतां आली.

मग शिकागोचें काय झालें? त्यांच्या बाजूची एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितलीच पाहिजे. १९९७-९८ च्या सुमारास जपानांतील कोंडो यांच्यासह त्यांनीं तेच पुंजके अतिनील व अवरक्त अशा दोन्ही प्रकाशांत तपासले. अतिनील प्रकाशांत झेनॉनच्या एल् कक्षेचे किरण ठसठशीत. अवरक्तांत त्या मानानें फारच फिके. आतां मोकळ्या इलेक्ट्रॉनाला लांब लाटेच्या अवरक्त प्रकाशांत अधिक शक्ति मिळते, हें निर्विवाद आहे. केवळ तापण्याचाच प्रश्न असता तर साध्या विचारानें अवरक्तच वरचढ ठरावा. हा आक्षेप खरा आहे आणि भट्टीवाल्यांनीं त्यास दिलेलीं उत्तरें आम्हांस सारखींच समाधानकारक वाटत नाहींत. परंतु एका आक्षेपावरून एक समग्र सिद्धांत उभा राहत नाहीं. ऱ्होड्स यांनीं २००३ च्या सुमारापासून तीन अँगस्ट्रॉमच्या आंतबाहेर तरंगलांबी असलेल्या क्ष-किरणांचें लेसरप्रमाणें वर्धन होतें असाहि दावा केला. त्या दाव्यास इतर प्रयोगशाळांतून सर्वमान्य अशी पुष्टि मिळालेली नाहीं. कठोर क्ष-किरणांचा लेसर शेवटीं आला तो अगदीं उलट वाटेनें : २००९ सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड येथें, इलेक्ट्रॉनांना एक किलोमीटर लांबीच्या वेगवर्धकांतून पळवून. त्याच यंत्राच्या किरणांनीं निऑनच्या अणूंची आंतली कक्षा फोडून, त्या अणूंतूनच क्ष-किरण लेसर निघाल्याचें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. आंतून फोडलेल्या अणूंपासून लेसर, हें ऱ्होड्स यांचें स्वप्न. तें साकार झालें, पण मेजावर नव्हे, आणि त्यांच्या तालानेंहि नव्हे.

तरीहि ऱ्होड्स चुकले एवढें म्हणून सुटणें आम्हांस पटत नाहीं. पुंजक्यांवर स्पंद सोडून त्यांत क्ष-किरण शोधावे, हें त्यांना सुचलें तें त्या तालाच्या कल्पनेपायींच. भट्टीची कल्पना ज्यांच्याजवळ होती त्यांना हा प्रयोग आधीं करावासा वाटला नव्हता.

आतां मुंबईच्या संबंधाविषयीं. या प्रयोगाचें सामान पाहिलें तर एक मेज, एक निर्वात पात्र, एक तोटी, एक वायूची टाकी आणि लेसर. लेसर महाग खरा, पण किलोमीटरांनीं मोजण्याचा नव्हे. म्हणून ज्या देशांना प्रचंड यंत्रें परवडत नाहींत त्यांच्या प्रयोगशाळांसहि या कामांत बरोबरीनें उतरतां आलें. डॉ. होमी भाभा यांच्या प्रयत्नानें १९४५ सालीं स्थापन झालेल्या व आज कुलाब्यास समुद्रकांठीं असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत कुमारप्पन, कृष्णमूर्ति, माथूर व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं दोन महत्त्वाचीं कामें प्रसिद्ध केलीं. एकांत आर्गॉनच्या पुंजक्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांवर प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचा काय परिणाम होतो याची तपासणी होती. दुसऱ्यांत, फुटणाऱ्या पुंजक्याचे आयन चहूंकडे सारखे उडत नाहींत, प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेस त्यांचा ओढा वेगळा असतो, असें दाखविलें होतें. पुंजका म्हणजे सर्व बाजूंनीं सारखी तापलेली गोल भट्टी, या समजुतीस या दुसऱ्या निरीक्षणानें धक्का दिला. म्हणजे व्हिएन्नाचें गणित येण्यापूर्वीं पांच वर्षें, सरासरीच्या हिशेबांत कांहींतरी निसटतें आहे याची एक खूण कुलाब्यास सांपडली होती.

याच मंडळींचें २००५-०६ चें काम आम्हांस विशेष गमतीचें वाटलें. झा, माथूर व कृष्णमूर्ति यांनीं आर्गॉनच्या पुंजक्यांत थोडे पाण्याचे रेणू मिसळले. पाणी पडल्यावर भट्टी मंदावेल अशी कोणाचीहि अपेक्षा. येथें क्ष-किरण कित्येक पटींनीं वाढले. आर्गॉनच्या अणूंतून पहिला इलेक्ट्रॉन सोडविण्यास जवळजवळ सोळा इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तर पाण्याच्या रेणूंतून साडेबारांच्या वर थोडेसेच. त्यामुळें स्पंदाच्या चढावावर, शिखर दूर असतांनाच, पाण्याचे रेणू आपले इलेक्ट्रॉन सोडून मोकळे होतात, आणि पुढें येणाऱ्या प्रकाशाला हलविण्यासाठीं पुंजक्यांत ते आधींच हजर असतात.

चिनी व जपानी शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं आर्गॉनच्या पुंजक्यांपासून के कक्षेच्या क्ष-किरणांचे फेम्टोसेकंदी स्पंद मिळविल्याचें प्रसिद्ध केलें. धातूच्या पत्र्यावर लेसर पाडून क्ष-किरण काढतां येतात, पण पत्र्याचे उडालेले कण भिंगां-आरशांवर बसून तीं बिघडवितात. वायूच्या झोतास हा दोष नाहीं, आणि दर स्पंदास लक्ष्य आपोआप नवें मिळतें. स्फटिकांतील अणू एका जागेवरून दुसऱ्या जागीं सरकतात तो काळ शंभर फेम्टोसेकंदांच्या आगेंमागें असतो. तें सरकणें टिपावयाचें तर तितकाच क्षणिक क्ष-किरण हवा. बेकर यांच्या तोटीचा आज होऊं पाहत असलेला उपयोग हा आहे.